दीड इंचाचा अपराध

आमच्या हॉलची वाट लागली ती एका बैठकीत, आणि त्या बैठकीचा चहा मी केला होता. त्यामुळे पहिला दोष माझाच, हे आधीच लिहून टाकते. (पुढे तसाही तो माझ्यावरच येणार आहे.)

बैठक होती 'ध्रुव हौशी खगोल मंडळा'ची. मंडळ म्हणजे तीन माणसं. अध्यक्ष प्रफुल्लकाका. त्यांचं कॉलेज रोडला चष्म्याचं दुकान आहे, म्हणून जगातल्या कुठल्याही काचेबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. सचिव माझे बाबा. ते अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. तिथे सहीशिवाय एक नटसुद्धा हलू देत नाहीत. प्रफुल्लकाकांसमोर मात्र ते स्वतःची मानसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय हलवत नाहीत. तिसरे कोंडाजीकाका, मनमाडच्या रेल्वे कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. त्यांना मंडळात कुठलंच पद नव्हतं, कारण कामं ते करायचे.

तर या तिघांनी दुर्बिणीचा आरसा हातानं घासून बनवायचं ठरवलं होतं. आठ इंची. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा प्रफुल्लकाका फोन बाजूला ठेवत म्हणाले, "मनमाडच्या मंडळवाल्यांनी बारा इंची केली."

"कधी?" बाबा म्हणाले.

"झाली. फोटो टाकलेत. त्या गांगुर्डे सरांच्या गळ्यात हार आहे."

बाबांनी फोन उचलून तो हार मोठा करून पाहिला. मग प्रफुल्लकाका म्हणाले, "आपण सोळा करू."

"आठ ठरलं होतं ना?" बाबा म्हणाले.

"ललित, आठ इंचाला लोक दुर्बीण म्हणत नाहीत. खेळणं म्हणतात."

कोंडाजीकाका बशीत चहा ओतत म्हणाले, "सोळा म्हंजे वजन लय व्हईल. आन घासाया सात-आठ महिने."

"तीन माणसं आहोत आपण," प्रफुल्लकाका म्हणाले.

(त्यांनी मला धरलं नव्हतं. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते, पण मला कुणी धरत नाही याची मला सवय आहे.)

"आणि घासायचं कुठे?" बाबांनी विचारलं.

"तुझ्या हॉलमध्ये. पंधरा दिवस ठेवू, मग बघू."

स्वयंपाकघरातून आईनं भांडं आपटल्याचा आवाज आला. तो ठरावाच्या विरोधात होता, पण बैठकीच्या वहीत नोंदला गेला नाही.

जानेवारीत दोन काचा आल्या, परातीएवढ्या गोल आणि जाड. पाण्यानं भरलेला पत्र्याचा पिंप हॉलच्या मधोमध उभा राहिला. एक काच त्यावर बसवली. तिच्यावर पाणी आणि काळी, रव्यासारखी दाणेदार पावडर टाकायची. मग दुसरी काच वर ठेवून मागेपुढे ढकलायची. चार हात मारले की पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं आणि काच थोडी फिरवायची. असं हजारो वेळा केलं की वरची काच मधोमध खोलगट होत जाते. तोच आरसा. यात कुठलंही यंत्र नाही. फक्त माणूस पिंपाभोवती फिरत राहतो, घाण्याच्या बैलासारखा. फरक इतकाच की बैलाला प्रकल्पाचं माहितीपत्रक छापावं लागत नाही.

पहिले आठ दिवस उत्साह फार होता. तिघं पाळीपाळीनं फिरले. घर्रघर्र असा आवाज जिन्यापर्यंत जायचा. खालच्या मजल्यावरच्या अक्काबाई एकदा वर आल्या. हातात डबा होता.

"बाजरी दळून मिळेल का?"

"ही गिरणी नाही हो, अक्काबाई," आई म्हणाली. "आरसा करतायत."

अक्काबाईंनी पिंपाकडे पाहिलं, बाबांच्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "विकत मिळतो की."

नवव्या दिवशी प्रफुल्लकाकांची पाठ धरली. बाराव्या दिवशी बाबांच्या कारखान्यात ऑडिट लागलं. कोंडाजीकाका नाशिकरोडला त्यांच्या घरी दुर्बिणीचा सांगाडा जोडायला बसले, म्हणजे ते खरंच कामात होते. पिंप तसाच राहिला.

त्या शनिवारी आमच्याकडे पाहुणे आले. पाहुणे आले की मला बोलावलं जातं. नववीत ना, टक्के किती, पुढे काय घेणार, इतकी गप्प का असते, असे प्रश्न येतात आणि मी जमिनीकडे बघते. त्या दिवशी मी घाईनं पिंपापाशी गेले आणि काच ढकलू लागले. हात कोपरापर्यंत काळे झाले. पाहुण्यांनी एकदा पाहिलं आणि मला काहीही न विचारता चकल्या खाल्ल्या. मला वाटलं, हे बरं आहे.

माझ्या कलाकौशल्याची सुरुवात अशी झाली. (थोर लोकांना आतून हाक येते म्हणतात. मला बाहेरून पाहुणे आले.)

मग रोज शाळेतून आल्यावर दीड तास. रव्यासारखी पावडर संपली, पिठासारखी आली, मग टाल्कमसारखी. पोह्यांत कचकच लागली की आई माझ्याकडे बघायची. एप्रिलमध्ये परीक्षा झाली, जूनमध्ये मी दहावीत गेले. आईनं पिंपाला आणि मला एकाच नजरेत घेतलं. "दहावीचं वर्ष आहे," ती म्हणाली. एवढंच. नंतर ती तेच वाक्य दिवसातून तीनदा म्हणू लागली.

तरी मी थांबले नाही, कारण आता ती काच मला कळायला लागली होती. कुठे ती ओढून धरते, कुठे सरकते, पाणी कधी संपलं, हे हाताला समजायचं. मला आजवर कुठलीच गोष्ट अशी आपली वाटली नव्हती. मला एवढंच हवं होतं की दुर्बीण उभी राहील त्या दिवशी कुणीतरी, शक्यतो बाबांनी, म्हणावं: आरसा रोशनीनं केलाय. भाषण नको. एक वाक्य पुरे.

घासून झाल्यावर पॉलिश. त्यासाठी राळ वितळवून खालच्या काचेवर पसरायची आणि सुरीनं चौकोन पाडायचे, वड्या पाडतात तसे. राळ आईच्या पुरणाच्या कढईत वितळवली गेली. (बाबांनी. पण कढई मी काढून दिली होती.) ती कढई अजून गॅलरीत आहे. तिच्यात काय शिजवलं तरी देवळाचा वास येतो.

पॉलिश करता करता आरसा तपासावा लागतो. आरसा हॉलच्या दाराशी उभा करायचा. तेरा फुटांवर, म्हणजे बरोबर आमच्या ओट्यापाशी, एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड. ब्लेडच्या धारेवरून एका डोळ्यानं बघितलं की सगळ्या आरशावर सावली पसरते. केसाच्या हजाराव्या भागाइतका उंचवटा असला तरी तो डोंगरासारखा दिसतो. पहिल्या तपासणीला प्रफुल्लकाका स्वतः बसले.

"ललित," ते घाबरून म्हणाले, "आरशावर लाटा उठतायत. काच वितळतेय."

बाबा धावले. मी ओट्याकडे पाहिलं.

"वहिनी, काय करताय?" प्रफुल्लकाकांनी डोळा न काढता विचारलं.

"वरणाला फोडणी देतेय."

"तिची गरम हवा आरशात दिसतेय."

"मग मीठ बरोबर आहे का तेही बघून सांगा," आई म्हणाली आणि गॅस बंद केला. त्या रात्री आम्ही वरण बिनफोडणीचं खाल्लं.

पुढच्या सगळ्या तपासण्या मी केल्या. वहीत सावल्यांची चित्रं काढून तारखा घातल्या. ऑगस्टच्या शेवटी आरसा इतका छान झाला होता की सावली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सायीसारखी मऊ सरकायची.

आणि मग मंडळाला फोटोंची आठवण झाली.

दसऱ्याला उद्घाटन ठरलं होतं. पत्रिकेत 'निर्मितीचे क्षण' असं एक पान होतं, पण क्षण काढायचे राहून गेले होते. म्हणून एका रविवारी प्रफुल्लकाका झब्बा घालून आले, बाबांना नवा शर्ट घालायला लावला आणि दोघं पिंपाभोवती उभे राहिले. फोटो मी काढायचे होते.

"नुसते उभे राहू नका, काम करताना दिसू द्या," मी म्हणाले, पण मनात. तोंडानं ते प्रफुल्लकाकाच म्हणाले. मग त्यांनी काचेच्या कडेवर दोन्ही तळवे रोवून, सगळा भार टाकून, कॅमेऱ्याकडे बघत लांबलांब हात मारले. असं एक तास चाललं, कारण दरवेळी कुणाचे तरी डोळे मिटायचे. ऊन होतं, राळ मऊ झाली होती. मी एकदा "काका, कडेवर..." असं म्हणाले. काका म्हणाले, "हां, कडेकडून घे, अँगल चांगला येईल."

सोमवारी मी आरसा तपासला. मधे सगळं तसंच होतं. पण कडेला सगळीकडून बोटभर पट्टीत काच खाली उतरली होती. त्या पट्टीवर पडलेला उजेड भलतीकडे जाणार आणि तारा पसरट दिसणार, हे मला बघताक्षणी कळलं. दुरुस्तीला दीड-दोन महिने लागले असते.

पुढच्या बैठकीत मी वही घेऊन उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न बोलावता.

"कड पडलीय," मी म्हणाले.

"काय पडलं?" प्रफुल्लकाका इकडेतिकडे बघू लागले.

"आरशाची कड. खाली गेलीय. अजून दीड महिना पॉलिश करावं लागेल."

"पोर काय म्हनते ते बघा तरी," कोंडाजीकाका म्हणाले. "रोज तीच घासते ना."

प्रफुल्लकाकांनी माझी वही उलटी धरून पाहिली आणि परत दिली. "बेटा, पत्रिका छापल्यात. दसरा पुढे ढकलता येत नाही. आणि कड शेवटी किती? सोळा इंचात बोटभर. कोण बघतंय?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनीही ती सावली पाहिली होती. सोमवारी मीच दाखवली होती. तेव्हा ते "अरेरे" म्हणाले होते. आता ते म्हणाले, "बघू."

'बघू' म्हणजे आमच्या घरात 'नाही'. आरसा चांदीसारखा मुलामा चढवायला रवाना झाला.

मुलामा चढून आला तेव्हा दसरा दोन दिवसांवर होता. बाबांनी आणलेल्या इंग्रजी पुस्तकात मला एक उपाय सापडला. पडलेली कड झाकून टाकायची. काळ्या कागदाची मधे पोकळ, बांगडीसारखी चकती कापून आरशावर कडेकडेनं बसवली की वाईट उजेड आत येतच नाही, उरलेला आरसा उत्तम चालतो. माझ्याकडे शाळेच्या प्रोजेक्टचा काळा कार्डपेपर होता. मी पाऊण इंच रुंदीची चकती कापली. कोंडाजीकाकांनी प्रफुल्लकाकांच्या दुकानाच्या गच्चीवर दुर्बीण उभी केली, त्या संध्याकाळी मी आणि बाबा तिथे गेलो. मी चकती बसवली, बाबांनी टॉर्च धरला. एक तारा लावून पाहिला. सुईचं टोक.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालंय गं." आणि जिना उतरताना, "कुणाला सांगू नकोस."

दसऱ्याला संध्याकाळी गच्चीवर साठेक माणसं होती. बोर्डावर लिहिलं होतं: 'हस्तनिर्मित सोळा इंची दुर्बीण'. सोळा हा आकडा दुर्बिणीपेक्षा मोठा होता. पाहुणे म्हणून एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य आले होते. दुर्बिणीला झेंडूचा हार घातला, आपट्याची पानं वाहिली. (आरशावर कुंकू लावायला निघालेल्या काकूंचा हात कोंडाजीकाकांनी हवेतच धरला. "ताई, त्याला नजर लागत नाय," ते म्हणाले.)

प्राचार्यांनी शनी पाहिला. त्यांनी डोळा काढला, चष्मा पुसला, परत पाहिलं. "हे चित्र चिकटवलेलं नाही ना?" ते म्हणाले. "इतकं रेखीव?"

प्रफुल्लकाकांना शाल मिळाली. बाबांना नारळ मिळाला. मला चिवड्याच्या प्लेटी मिळाल्या, वाटायला. कोंडाजीकाकांनी मला रांगेतून बाजूला ओढून शिडीवर चढवलं. "बघ. तुझं हाय." मी पाहिलं. काळ्या पाण्यात ठेवलेला मोती आणि त्याच्याभोवती कडं, मधे बारीक फट. मी आठ महिने त्या पिंपाभोवती फिरले होते ते यासाठी. चार सेकंद झाले असतील. खालून आवाज आला, "बेटा, चिवडा संपलाय इकडे."

तेवढ्यात मनमाडचे गांगुर्डे सर पुढे आले. तेच, हारवाले. त्यांनी शनी पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. मग ते खाली वाकले, दुर्बिणीच्या बुडाशी टॉर्च मारला आणि खिशातून मोजपट्टी काढली. समारंभाला मोजपट्टी घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"प्रफुल्लराव, सोळा कुठंय हो?"

"म्हणजे?"

"हा उघडा आरसा साडेचौदा भरतोय. कडेला काळा कागद लावलाय कुणी तरी."

प्रफुल्लकाका शालीसकट खाली वाकले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा दीड इंचानं उतरला होता. "ललित, हे कुणी केलं?"

बाबांच्या हातात नारळ होता. त्यांनी नारळाकडे पाहिलं. मग बुटांकडे. मला वाटलं, आता सांगतील. कागद का लावला ते सांगतील, म्हणजे आरसा कुणी केला तेही सांगावं लागेल.

"रोशनीनं लावला असेल," बाबा म्हणाले. "लहान आहे. कळत नाही तिला."

"आवो, कागदामुळंच तर..." कोंडाजीकाकांनी सुरुवात केली. तोपर्यंत प्रफुल्लकाकांनी चकती ओढून काढली होती. टर्रकन आवाज आला. ते सरळ उभे राहिले आणि जाहीर केलं, "आता पूर्ण सोळा."

रांग पुन्हा लागली. मी शिडीच्या बाजूनं चढून पाहिलं. शनी होता, पण तुपात पडलेल्या बुंदीसारखा. कडं आणि गोळा एकमेकांत मिसळले होते. फट गेली होती.

प्राचार्यांना पुन्हा बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "मघाशी जरा..." ते म्हणाले आणि थांबले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "आता मोठा दिसतोय," ते म्हणाले.

"दीड इंचाचा फरक पडणारच," प्रफुल्लकाका म्हणाले. टाळ्या वाजल्या. गांगुर्डे सरही हसले. मनमाडला परत जाताना ते इतके खूश होते की त्यांनी दोन प्लेट चिवडा खाल्ला.

घरी येताना रिक्षात, सिडकोच्या वळणावर, बाबांनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला. मी तो परत त्यांच्या मांडीवर ठेवला. पलीकडे बसलेल्या आईनं मला विचारलं, "दिसलं का गं?" मी "हो" म्हणाले. हॉलमध्ये शिरल्यावर तिनं पिंप एकटीनं तिरका केला आणि सगळं पाणी मोरीत ओतून दिलं.

पंधरा दिवसांनी मंडळाचा अहवाल लिहायची वेळ आली. तो सचिव लिहितात. बाबांनी दोन संध्याकाळ बसून कच्चा मसुदा केला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुझं अक्षर चांगलं आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पक्की प्रत काढून देशील?"

मी वाचलं. आरसा 'मंडळाच्या अथक परिश्रमांतून' तयार झाला होता. पिंपाभोवती कोण फिरलं, याचा उल्लेख नव्हता. माझं नाव एकाच ठिकाणी होतं, चौथ्या पानावर, 'अडचणी' या मथळ्याखाली: 'कु. रोशनी ललित निमसे हिने अजाणतेपणी आरशास कागद लावल्याने दुर्बिणीचा आकार दीड इंचाने घटला होता. अध्यक्षांच्या प्रसंगावधानाने तो पूर्ववत करण्यात आला. सदर मुलीस समज देण्यात आली आहे.'

ते वाक्य गाळणं सोपं होतं. पेन माझ्याच हातात होतं. त्याच्या जागी खरं लिहिणंही सोपं होतं, मजकूर माझ्याकडे तोंडपाठ तयार होता. मग मी पट्टी घेऊन समास आखला आणि जसं होतं तसं, एकही खाडाखोड न करता, उतरवलं. 'अडचणी'खाली दोन रेघा मारल्या, मथळा आहे म्हणून.

रविवारी बैठक झाली. मी चहा घेऊन गेले तेव्हा प्रफुल्लकाका चौथं पान हातात धरून बघत होते. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, लांब नेलं, कोंडाजीकाकांनाही दाखवलं. कोंडाजीकाकांनी वाचलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

"हे कुणी लिहिलं?" प्रफुल्लकाकांनी विचारलं.

"रोशनीनं," बाबा लगेच म्हणाले. या वेळी त्यांनी बुटांकडे पाहिलं नाही.

"वा, अक्षर बघा," प्रफुल्लकाका म्हणाले. "काय हात आहे पोरीचा."

मी "थँक्यू, काका" म्हणाले.